न बोलणारे फोन

३ मार्च

चि. मैना हिला मावशीचा आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दिवसभर हेडसेट लावून बोलून कान इतके विटतात की घरी आल्यावर फोन नकोसा वाटतो, म्हणून आपण पत्रंच लिहू, असं तू म्हणतेस. माझी काही हरकत नाही. पत्र आलं की ते गुपचूप पडून राहतं, आपल्या सवडीनं उघडायचं. फोनला हे कुणी शिकवलेलं नाही.

आज मुद्दाम लिहायचं कारण तेच आहे. तुझे काका गेल्यापासून त्यांचा फोन मीच वापरते. दुकानाच्या पाटीवर नंबर तोच, गिऱ्हाइकांना ठाऊक तोच. पण गिऱ्हाइकाचा एक फोन आला तर फालतू दहा. सकाळी एक गोड आवाजाची बाई कर्ज हवंय का विचारते. तिला वाटेला लावावं तर दुसरी विमा घेऊन हजर. परवा पडद्यांसाठी दवाखान्याच्या खिडक्यांची मापं घेत होते. मी शिडीवर, तोंडात टाचण्या, आणि फोन खिशात कोकलतोय. डॉक्टरीणबाईंचा असेल म्हणून एका हातानं कसाबसा काढला. तर काय, "अभिनंदन, तुमची निवड झाली आहे!" कशासाठी निवड ते काही मी विचारलं नाही. शिडीवरून पडले असते तर वर गेल्यावर कळलंच असतं.

तर हे बंद कसं करायचं ते मला पायरीपायरीनं लिहून दे. लहान मुलाला सांगतात तसं सांग, मला राग येणार नाही.

आणि एक विचारायचं होतं. जे बोलतात त्यांचे फोन बंद करायचे, पण जे काहीच बोलत नाहीत त्यांचे चालू ठेवायचे, असं करता येतं का?

तुझी आई बरी आहे ना? तिला म्हणावं, पडद्यांचं कापड पाठवलंस पण रंग कुणी निवडला?

तुझी मावशी

१२ मार्च

प्रिय मावशी,

सा. न. वि. वि.

रंग आईनंच निवडला आणि तिला तो फार आवडलाय, तेव्हा तू मुकाट्यानं शीव.

ज्यांना तू वाटेला लावतेस त्यांतलीच मी एक, हे विसरू नकोस. विम्याचा हप्ता भरायची आठवण करून द्यायला मी लोकांना फोन करते आणि दिवसभर शिव्या खाते. म्हणून तुला आतल्या गोटातला सल्ला देते, ऐक.

फोनचं हिरवं चित्र दाबलंस की आलेल्या-गेलेल्या फोनांची यादी दिसते. नको असलेल्या नंबरावर बोट दाबून धर. पटकन उचलू नकोस, गरम तव्याला हात लागल्यासारखं करतेस तू नेहमी. एक चौकट उघडेल, त्यात 'ब्लॉक' असेल ते दाब. झालं. तो माणूस तुला पुन्हा त्रास देणार नाही, निदान त्या नंबरावरून तरी नाही.

पण ही माणसं नंबर बदलत राहतात. म्हणून खरा उपाय वेगळा. त्याच पानावर वरच्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, त्यातून सेटिंगमध्ये जा. तिथे ब्लॉक केलेल्या नंबरांचं पान आहे, त्यात एक खटका आहे: अनोळखी नंबर बंद. तो सरकवलास की ज्यांची नावं तुझ्या फोनमध्ये आहेत त्यांचेच फोन वाजतील. मात्र आधी सगळ्या गिऱ्हाइकांची नावं नीट भरून घे.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. फोन वाजायच्या आधी पलीकडचा बोलणार की गप्प बसणार, हे फोनला कसं कळावं? आणि न बोलणारे कशाला ठेवतेस? ते सगळ्यात आधी बंद कर.

तुझी मैना

२२ मार्च

चि. मैना,

तू सांगितलंस तसं केलं. कर्जवाली गेली, विमावाली गेली, अभिनंदनवालाही गेला. हात बसल्यावर मला त्यात गंमतच वाटायला लागली आणि त्या भरात पडद्याच्या दांड्या पुरवणारा व्यापारीही गेला. चार दिवसांनी तो स्वतः दुकानात येऊन उभा. "ताई, माझं काय चुकलं?" चहा पाजून समजूत काढली.

तो मोठा खटका मात्र मी सरकवला नाही. का, ते तुला सांगते. तुझ्या आईला कळवू नकोस, ती लगेच डोळ्याला पदर लावेल.

ते न बोलणारे फोन खारूचे आहेत.

खारू घर सोडून गेला त्याचं निमित्त तुला माहीत आहे. पडदे शिवण्यात जन्म घालवणार नाही, लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकणार म्हणाला. काकांनी दुकान या लेकासाठीच वाढवलेलं. दोघंही हट्टी, एकाच कापडातले. पुढे काका घरात त्याचं नावही काढू देत नव्हते. पण माझ्या जुन्या बटणांच्या फोनवर तो मला अधूनमधून फोन करायचा, काका दुकानात असले की. मग काकांचं दुखणं निघालं. त्या धावपळीत माझा फोन कपड्यांच्या बादलीत पडला आणि गेला. नवा नंबर घ्यायला सवड कुणाला होती? काका गेले तेव्हा माझ्या दिरांनी याच फोनवरून खारूला किती वेळा लावून पाहिला, लागलाच नाही. त्याच्या जुन्या खोलीवर माणूस पाठवला, तर खोली सोडून गेलेला.

त्यानंतर हे फोन सुरू झाले. बहुतेक दुपारी येतात. मी हॅलो म्हणते, पलीकडून काही नाही. आधी मला कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. हा फोन काकांचा. काका उचलतील म्हणून तो बोलत नाही, नाव दिसू नये म्हणून दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या नंबरावरून लावतो, आणि काका गेलेत हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून आता मीच बोलते. "खारू, मी आहे रे" म्हणून सुरुवात करते. काका कसे गेले ते सांगितलं, दुकानाचं सांगितलं. कधी फोन लगेच तुटतो, कधी बराच वेळ चालू राहतो. तो ऐकतो, मैना. बोलेलही एक दिवस.

आता कळलं ना, खटका का सरकवला नाही?

तुझी मावशी

५ एप्रिल

प्रिय मावशी,

कामाचा रगाडा आहे म्हणून चारच ओळी. आईचा गुडघा बरा आहे. आमच्या ऑफिसात नवे साहेब आलेत, पाणी प्यायला उठलं तरी घड्याळ बघतात.

खारूबद्दल वाचलं. काय लिहावं सुचत नाही. पण एवढं ऐक: फोनवर कुणीही काहीही विचारलं तरी, म्हणजे फोनवर आलेला आकडा, बँकेचं काहीही, सांगायचं नाही. कुणालाच नाही. अगदी आपलं माणूस आहे असं वाटलं तरी नाही.

पुढचं पत्र सविस्तर लिहीन.

मैना

२१ एप्रिल

चि. मैना,

तुझं सविस्तर पत्र काही आलं नाही, पण तेवढ्यात इकडे एक घडलं, ते सांगते.

मागच्या आठवड्यात दवाखान्याचे पडदे इस्त्रीला घेतले होते. फोन वाजला. नेहमीसारखं पलीकडे काही नाही. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि बोलायला लागले. "खारू, आज तुझी शिडी काढली होती, तिची एक पायरी हलते, तू असतास तर..." असं काहीतरी. मध्येच बारीक कुरकुर झाली आणि माणसांचा गलका ऐकू आला, बाजारात असतो तसा. आणि आवाज आला, "हो, आई."

तरुण पोराचा आवाज. मी खुर्चीत बसले.

मैना, तो खारू नव्हता. हे मला पहिल्या शब्दालाच कळलं. खारू लहान असताना माझे दोघे दीर आमच्याकडेच राहायचे आणि मला वहिनी म्हणून हाका मारायचे. ते ऐकून खारूही मला वहिनीच म्हणायला लागला. शाळेत बाईंनी विचारलं, तुझी आई का आली नाही, तर म्हणाला, आई नाही, आमच्याकडे वहिनी आहे. जन्मात त्यानं मला आई म्हटलेलं नाही.

तरी मी फोन ठेवला नाही. खोटं कशाला सांगू, ऐकायला बरं वाटलं. मी म्हटलं, "बोल रे."

तो म्हणाला, "आई, मी अडचणीत आहे. आत्ता तुझ्या फोनवर एक आकडा येईल, तेवढा मला वाचून दाखव. कुणाला सांगू नकोस."

तुझं पत्र समोरच कॅलेंडरला टोचून ठेवलं होतं. मी म्हटलं, "बाळा, तुझी स्वतःची आई कुठे असते?" तो म्हणाला, "आई, वेळ नाहीये, लवकर सांग." मी फोन ठेवला. इस्त्री उभी होती म्हणून पडद्याला चटका बसायचा तेवढा वाचला.

तेव्हापासून मनात एकच घोळतंय. त्यानं माझं बोलणं ऐकलं म्हणून तर तो 'आई' म्हणाला. म्हणजे मी खारूशी बोलत असताना लाइनवर तो होता. मग त्याच्या आधीच्या फोनांवर कोण होतं?

तू त्या धंद्यात आहेस. तुला माहीत असणार. मागच्या पत्रात तू काहीतरी गिळलंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. आता आडपडदा ठेवू नकोस. पडदे शिवायचं काम माझं आहे, तुझं नाही.

मावशी

२७ एप्रिल

प्रिय मावशी,

तू विचारलंस, आता सरळ सांगते.

त्या फोनांवर बहुतेक वेळा कुणीच नव्हतं. आमच्याकडे नंबर माणूस लावत नाही, मशीन लावतं. एका वेळी ते बऱ्याच नंबरांना फोन करतं, कारण निम्मे लोक उचलत नाहीत. जो आधी उचलेल तो आमच्यापैकी जी मोकळी असेल तिच्या कानात येतो. पण कधी एकदम खूप जण उचलतात आणि आमच्यात मोकळं कुणीच नसतं. मग त्या माणसाला पलीकडून काहीच ऐकू येत नाही. तो हॅलो हॅलो करतो आणि थोड्या वेळानं मशीन फोन तोडतं. तुला जे ऐकू यायचं ते एवढंच होतं.

आणि जो नंबर दर वेळी उचलला जातो, ज्यावरचं माणूस फोन लवकर ठेवत नाही, त्यावर अशी खूण पडते की इथे माणूस आहे, फोन उचलतो. मग तो नंबर इकडून तिकडे विकला जातो आणि आणखी फोन येतात. तू जितकं बोलत गेलीस तितके फोन वाढले असणार, ते त्यामुळे. त्यातूनच तो नंबर त्या भामट्यांपर्यंत गेला. त्या पोराचीही लाइन तशीच उशिरा जुळली असणार आणि तुझं शेवटचं बोलणं त्याच्या कानावर पडलं.

तुझं खारूबद्दलचं पत्र वाचलं तेव्हाच मला हे कळलं होतं. लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर माझ्याच कानात एक आजोबा आले. ते आधीपासून हॅलो, हॅलो, कोण आहे, म्हणत होते. मला पाठ केलेलं वाक्य बोलताच येईना. नव्या साहेबांनी तंबी दिली.

आता दोन गोष्टी कर. तो मोठा खटका आजच सरकव. आणि मला सांग, खारूचा नंबर तुझ्याकडे आहे का? असेल तर तू लावलास की नेमकं काय ऐकू येतं? घंटी किती वेळ वाजते, ते नीट ऐकून लिही.

मैना

४ मे

चि. मैना,

खटका सरकवला. घर इतकं शांत झालं की शिवणयंत्राचा आवाज मोठा वाटतो.

आधी तुझा राग आला. मग म्हटलं, मी तरी कुठे विचारलं होतं? मला जे हवं होतं तेच मी ऐकत होते. पण मैना, त्या मशीनला मी काय काय सांगितलं गं! काकांचे शेवटचे दिवस, ते रात्री काय बडबडायचे, मला कशाची भीती वाटायची. एवढं मी कुठल्या माणसाला सांगितलं नव्हतं. दिरांना नाही, तुझ्या आईलाही नाही.

खारूचा नंबर आहे. माझ्या फोनबरोबर गेला असं धरून चालले होते, पण काका गेले तेव्हा तो त्यांच्या फोनमध्येच सापडला. 'चिरंजीव' असं नाव देऊन ठेवला होता. त्यांना कुणी दिला ते मला माहीत नाही. माझ्या फोनमधून उतरवून घेतला असणार. खाली लिहिलाय.

मी दर रविवारी लावते. घंटी एकदाच वाजते, तीही अर्धी, आणि लगेच एक बाई सांगते की हा नंबर दुसऱ्या फोनवर व्यस्त आहे. सकाळी लावला तरी व्यस्त, संध्याकाळी लावला तरी व्यस्त. मला वाटायचं, पोरगा कामात बुडलाय.

मावशी

११ मे

प्रिय मावशी,

अर्धी घंटी आणि व्यस्त, हे वाचल्याबरोबर मला शंका आली. आमच्याकडे कुणी आमचा नंबर ब्लॉक केला की असंच ऐकू येतं.

काल सुट्टी होती. मी माझ्या फोनवरून लावला. घंटी पूर्ण वाजली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. अनोळखी नंबर तोही उचलत नसणार. मग निरोप लिहून पाठवला: "मी मैना, तुझी मावसबहीण. विमा विकत नाहीये. उचल." तिसऱ्यांदा लावला आणि त्यानं उचलला.

म्हणाला, "बोल. बाबांनी सांगितलं वाटतं फोन करायला?"

मावशी, त्याला काही माहीत नव्हतं. मी काही गोल फिरवलं नाही. "खारू, काका गेले," म्हटलं.

पलीकडे सगळं शांत झालं. आमच्या कामात लाइन शांत ठेवायची नाही असा नियम आहे. समोरचा गप्प झाला की आम्ही लगेच म्हणायचं, "आपण ऐकताय ना?" ते माझ्या जिभेवर आलंही होतं. गिळलं. मागे कुठेतरी हातोडीचे ठोके पडत होते, ते ऐकत उभी राहिले.

मग त्यानं विचारलं, "कधी?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आणि वहिनीनं मला फोन नाही केला?"

"करते ना. दर रविवारी करते. तू तिला बंद करून ठेवलंयस."

"मी वहिनीला कशाला बंद करीन? तिचा नंबर मीच लावला होता, चार वेळा. अस्तित्वात नाही म्हणतो. मला वाटलं, बाबांनी बंद करायला लावला."

"तो बादलीत पडला. ती आता काकांचा फोन वापरते."

त्यावर तो म्हणाला, "बाबांचा केला होता बंद."

का केला, तेही त्यानं सांगितलं. तू म्हणतेस काका घरात त्याचं नाव काढू देत नव्हते. पण दुकान बंद केल्यावर ते त्याला रोज फोन करायचे. रोज! शटर ओढल्याचा आवाज यायचा आणि मग सुरुवात: कुठे झक मारतोयस, लिफ्टमध्ये अडकून मरशील, दोन्ही वेळा धड खातोस का, दुकानाला कुलूप लावायची वेळ आणलीस. एके दिवशी कामावर त्याच्या हातून काहीतरी बिघडलं होतं, बोलणी खाल्ली होती, आणि तेवढ्यात काकांचा फोन. त्यानं नंबर बंद करून टाकला. दोन दिवसांनी उघडू म्हणाला आणि राहून गेलं.

मी त्याला सगळं सांगितलं, फक्त तू त्या फोनांवर जे बोलायचीस ते सोडून. ते तुझं आहे.

त्याचं नाव तुझ्या फोनमध्ये आहेच, त्यामुळे खटका सरकवलेला असला तरी त्याचा फोन वाजेल. काळजी करू नकोस. आणि तू लावू नकोस, त्याला लावू दे.

तुझी मैना

२० मे

चि. मैना,

फोन आला.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस काकांवर इतकी चिडले होते की त्यांचा फोटो समोर असता तर भिंतीकडे तोंड करून ठेवला असता. माझ्यासमोर नाव काढायचं नाही, आणि स्वतः शटर ओढून रोज 'खातोस का'! मला सांगितलं असतं तर दोघांनी मिळून फोन केला असता. मग दुकान बंद करताना मी त्यांच्या जागी उभी राहिले, शटर अर्धं ओढलं, आणि तिथेच रडले. समोरचा किल्लीवाला धावत आला, त्याला वाटलं बोट सापडलं. सापडलंच म्हटलं. काय सांगणार?

खारूचा फोन शुक्रवारी दुपारी आला. मी उचलला, हॅलो म्हटलं. पलीकडून काही नाही.

पण या वेळी श्वास ऐकू येत होता. तोंडाशी कितीतरी आलं होतं. पण मी दातांनी ओठ धरून ठेवले. इतके दिवस मीच बोलत होते, आता पाळी त्याची होती.

बऱ्याच वेळानं म्हणाला, "वहिनी."

"हं," म्हटलं.

"त्यांना शेवटी त्रास झाला का गं?"

मग मी शिवणयंत्र बंद केलं, दाराला कडी लावली आणि त्याला पहिल्यापासून सांगितलं. काकांचं दुखणं कसं निघालं, डॉक्टर काय म्हणाले, रात्री ते कुणाला हाका मारायचे. तेच सगळं, जे मी त्या फोनांना सांगत बसायचे. मधल्या मधल्या गोष्टी विसरले, काही दोनदा सांगितल्या. तो कधी रडत होता, कधी नव्हता. पण मी थांबले की पलीकडून येत होतं: "हं. मग?"

तुझी मावशी